हॉलमार्क ज्या गल्लीत जन्मला

फॉस्टर लेन इतकी चिंचोळी आहे की गोल्डस्मिथ्स हॉलची दर्शनी बाजू एका फोटोत मावत नाही. समोरच्या इमारतीला पाठ लावून उभं राहिलं तरी खांबांचे माथे कापले जातात. सेंट पॉल्स स्टेशनातून वर येणारी सगळी गर्दी कॅथेड्रलच्या घुमटाकडे वळते. तिथून दोन मिनिटांवरच्या या गल्लीत सकाळी नऊला मी आणि टपाल टाकणारा एक माणूस, एवढेच होतो. इकडे कोणी वळत नाही याचं मला वाईट वाटलं. लग्नाच्या खरेदीत आई, मावशी, आत्या सगळ्यांच्या तोंडी असलेला ‘हॉलमार्क’ हा शब्द याच दारातून जगात गेला. हॉल म्हणजे ही वास्तू आणि मार्क म्हणजे इथे उठवलेला ठसा, इतका सरळ त्याचा अर्थ आहे.

हा हॉल रोज खुला नसतो. शरद ऋतूत इथे गोल्डस्मिथ्स फेअर भरतं तेव्हा तिकीट काढून आत जाता येतं. एरवी एखादं प्रदर्शन किंवा खुला दिवस असेल तरच. तारीख न बघता गेलात तर बंद दार बघून परतावं लागेल. मी हॉलमार्किंगच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणासाठी गेले होते आणि लंडनच्या सहा दिवसांतला तेवढा एकच दिवस सविस्तर लिहिण्यासारखा वाटतो. बाकीच्या दिवसांत पाऊस, रांगा आणि सेंट्रल लाइनचा उकाडा होता. त्या गाड्यांना एसी नाही; जूनमध्ये ऑफिसच्या वेळी त्यात चढणं हा छळ आहे.

आजची इमारत १८३५ सालची, फिलिप हार्डविक या वास्तुकाराची, याच जागेवरची तिसरी. जागा मात्र १३३९ पासून सोनारांच्या गिल्डकडे आहे. कोपऱ्यावरचा रस्ता चीपसाइड. त्याचा स्वस्ताईशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘चीप’ म्हणजे बाजार. मध्ययुगात सोनारांची पेढ्या-दुकानं या बाजाराला लागून होती आणि जुन्या पुण्यात तांबट आळी जशी एका कामाची, तशी ही आळी सोन्या-चांदीची.

गिल्ड म्हणजे एका शहरातल्या, एका धंद्यातल्या उस्तादांची राजमान्य संघटना. लंडनच्या सोनारांना राजाची सनद १३२७ मध्ये मिळाली. उमेदवार किती घ्यायचे, त्यांना किती वर्षं ठेवायचं, कोणता माल बाजारात जाऊ द्यायचा, मेलेल्या सभासदाच्या विधवेला काय द्यायचं, हे सगळं गिल्ड ठरवायचं. आपल्याकडे सोनारकी बहुतेक घराण्यातून आणि जातीतून चालत आली. तिथेही सभासदाच्या मुलाला बापाच्या हक्काने आत येता यायचं, पण मुख्य दार उमेदवारीचं होतं आणि उमेदवारी कराराने बांधलेली होती. एकाच कातड्यावर करार दोनदा लिहायचा आणि मधून नागमोडी कापायचा. एक तुकडा उस्तादाकडे, दुसरा मुलाच्या घरी. भांडण झालं तर दोन्ही कडा जुळवून बघायच्या. दात जुळले नाहीत तर कागद खोटा. कमीत कमी सात वर्षं. उमेदवारांना करारात बांधण्याचा विधी या हॉलमध्ये आजही होतो.

मराठी वाचकाला गिल्ड समजायला लंडनपर्यंत जायची गरज नाही, हे इथेच लिहून टाकते. नाशिकच्या पांडवलेण्यात, दहा क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणं (त्या काळची नाणी) गोवर्धनच्या विणकर श्रेण्यांकडे, म्हणजे विणकरांच्या गिल्डांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवली: २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि वरखर्च भागवायचा. राजाच्या जावयाने पैसे विणकरांकडे ठेवले याचा अर्थ विणकरांची संघटना पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असा त्याला भरवसा होता. गोवर्धन गाव अजून नाशिकजवळ आहे. लंडनची गिल्डं मध्ययुगातली, हा लेख त्यांच्या हजारएक वर्षं आधीचा. कारागिरांच्या संघटनेकडे लोकांचा विश्वास असतो तेव्हा ती काय काय करू शकते, हे त्या लेखाइतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

आता सोनाराकडे येऊ. चांदीत तांबं मिसळावंच लागतं, नाहीतर भांडं दबतं, चमचा वाकतो. प्रश्न किती मिसळलं हा. गिऱ्हाइकाला ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून १३०० मध्ये पहिल्या एडवर्डच्या कायद्याने ठरलं की चांदी स्टर्लिंग कसाची, म्हणजे हजारात ९२५ भाग हवी, आणि धंद्यातल्या प्रमुखांनी दुकानोदुकानी फिरून माल तपासून त्यावर बिबट्याच्या मुखाचा ठसा मारावा. (तो खरं तर सिंहाचा चेहरा आहे. जुन्या फ्रेंच राजचिन्हांच्या भाषेत समोर बघणाऱ्या सिंहाला ‘लेपार’ म्हणत, त्यावरून बिबट्या झाला.) १३६३ मध्ये प्रत्येक उस्तादाला स्वतःचा वेगळा ठसा सक्तीचा झाला. अक्षरओळख कमी, म्हणून सुरुवातीचे ठसे चित्रांचे असत.

आणि मग १४७८. या सालासाठीच मला हा लेख लिहायचा होता.

फिरून तपासण्यात व्हायचं तेच झालं. तपासणारे त्याच धंद्यातले, शेजारच्या दुकानातले, सोयरेधायरे. ठसा असलेला हिणकस माल बाजारात सापडू लागला. आदल्या वर्षीच्या कायद्याने ठरलं की ठसा घेऊन गेलेला माल हलका निघाला तर भरपाई गिल्डने करायची. भार अंगावर आल्यावर गिल्डने तीन गोष्टी केल्या. माल दुकानात तपासणं बंद करून सोनारांना तो हॉलवर आणायला लावला. हॉलमार्क हे नाव तेव्हापासूनचं. पगारी कसनीस, म्हणजे कस काढणारा, नेमला. पहिल्याचं नाव ख्रिस्टोफर एलियट. आणि ठशांत एक अक्षर वाढवलं, जे दरवर्षी बदलायचं.

हे वर्षाक्षर. आज जुनी चांदी घेणारे त्यावरून भांड्याचं वय काढतात, आणि सगळ्यांना वाटतं की ते त्यासाठीच आहे. तसं नाही. ते अक्षर घातलं ते त्या वर्षी कस कोणी काढला हे भांड्यावरूनच कळावं म्हणून. गिल्डचे प्रमुख, म्हणजे वॉर्डन, दरवर्षी सोनारांचा संत डन्स्टन याच्या दिवशी, १९ मे रोजी बदलायचे आणि अक्षरही त्याच दिवशी बदलायचं. वीस वर्षांनी भांडं हलकं निघालं तर अक्षर बघायचं, वही काढायची आणि त्या वर्षीच्या माणसांना धरायचं. घडवणाऱ्याचा ठसा घडवणाऱ्याला बांधतो, हे कोणालाही सुचेल. तपासणाऱ्यालाही त्याच धातूवर सही करायला लावणं, हे मला गिल्डांचं सगळ्यात मोठं काम वाटतं. प्रशिक्षकांनी ही गोष्ट दोन वाक्यांत सांगितली आणि पुढच्या स्लाइडवर गेले. माझी वही तिथेच अडली.

लंडनची अक्षरं वीस-वीसच्या फेऱ्यांत चालायची, जे वगळून ए ते यू, व्ही धरून नाही. फेरी संपली की अक्षराचं वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार बदलायचा. म्हणून नुसतं अक्षर वाचून साल सांगू नका. वळण आणि ढाल दोन्ही तक्त्याशी जुळली पाहिजेत. १६६० नंतर बदलाचा दिवस १९ ऐवजी २९ मे झाला, त्यामुळे जुन्या चांदीवरचं एक अक्षर दोन इंग्रजी सालांत पसरतं. १९७५ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होतं आणि फेरी पंचवीस अक्षरांची आहे. १९९९ पासून हे अक्षर ऐच्छिक झालं. मला हा निर्णय पटलेला नाही.

दुपारी कस काढायची पद्धत. चहाबरोबर बिस्किटं मिळाली, शाकाहारी म्हटल्यावर चीजचं सँडविच न मागता पुढे आलं, आणि प्रत्येकाच्या हातात दहापट भिंग दिलं. आदरातिथ्य थोडक्यात पण नेमकं होतं. मला तसंच आवडतं.

आधी नमुना. चांदीच्या भांड्यावरून धारदार पात्याने कीस काढतात आणि तो एकाच जागेचा काढून चालत नाही. चहाच्या किटलीचं पोट, बूड, झाकण, तोटी, कान हे भाग वेगवेगळे घडवून झाळलेले, म्हणजे वितळत्या धातूने जोडलेले असतात. प्रत्येकाचा थोडा थोडा हवा. लबाडी पोटात क्वचित सापडते, ती कानात, बुडात आणि झाळीत असते. झाळ लवकर वितळावी म्हणून तिचा कस मुद्दाम कमी ठेवतात, तेव्हा जिथे तिथे झाळ ओतून वजन वाढवलं की सगळा डाग, म्हणजे ती घडवलेली वस्तू, हलका होतो. जुन्या काळी या किसातला थोडा भाग पेटीत जपून ठेवत आणि नंतर कसनीसाचंच काम त्यावरून तपासत.

कसोटीचा काळा दगड आपल्याला ठाऊक आहे: डाग घासायचा, शेजारी माहीत कसाची सळई घासायची, तेजाबाचा थेंब सोडून दोन्ही रेघांचा रंग बघायचा. निष्णात डोळा त्यावर कॅरेट सांगतो, पण हजारात एक-दोन भागांचा फरक दगडावर निवडता येत नाही. तो फरक आगीत निवडतात. सोन्याचा अग्निकस असा:

साधारण २५० मिलिग्रॅम नमुना ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत तोलतात. त्यातल्या सोन्याच्या अंदाजे अडीच पट शुद्ध चांदी त्यात घालतात. सोन्याचा कस काढताना चांदी घालायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. कारण पुढे येईल. दोन्ही चारेक ग्रॅम शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून घट्ट गोळी करतात. हाडांच्या राखेच्या किंवा मॅग्नेशियाच्या छोट्या जाड वाट्या भट्टीत आधीच तापवून ठेवलेल्या असतात, १०५० ते ११०० अंश सेल्सियसला. गोळी वाटीत टाकली की शिसं वितळतं, हवेतला ऑक्सिजन घेतं, तांबं आणि जस्तही त्याच्याबरोबर ऑक्साइड होतात आणि ते सगळं द्रव ऑक्साइड वाटी पिऊन टाकते. सोनं आणि चांदी ऑक्साइड होत नाहीत, वाटीत शोषलीही जात नाहीत. शेवटचं शिसं जाताना मण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरतात आणि मग तो एकदम लखकन उजळतो. भट्टीच्या झरोक्यातून बघत असाल तर त्या क्षणी डोळा मिटू नका.

वाटीत उरलेला मणी सोनं आणि चांदीचा. तो ऐरणीवर चपटा करायचा, तापवून मऊ करायचा, रुळातून पातळ पट्टी काढायची आणि गुंडाळून सुरळी करायची. ती आधी सौम्य आणि मग तीव्र नायट्रिक आम्लात उकळायची. चांदी विरघळते, सोनं सच्छिद्र तपकिरी सुरळीच्या रूपात राहतं. धुवून पुन्हा तापवलं की पिवळं होतं. तोलायचं, मूळ वजनाशी भागायचं. २२ कॅरेटचा डाग असेल तर हजारात ९१६ यायला हवेत.

आता चांदी का घातली ते. मण्यात सोनं फार असेल तर ते चांदीला वेढून टाकतं, आम्ल आत पोचत नाही, थोडी चांदी अडकून राहते आणि कस खोटाच चढा दिसतो. चांदी फार झाली तर आम्लात सुरळीचा भुगा होतो आणि धुताना सोन्याचे कण वाहून जातात. एकाला दोन-तीन या मापात सुरळी अखंड राहते आणि चांदी जवळजवळ सगळी निघते. भट्टी जास्त तापली तर सोन्याचा अंश वाटीत मुरतो; कमी तापली तर वर ऑक्साइडची साय धरते, मणी गोठतो आणि तो प्रयोग फेकून द्यावा लागतो. चांदी जास्त असलेला मणी भट्टीतून झटकन बाहेर काढला तर वितळलेल्या चांदीत मुरलेला ऑक्सिजन उसळून बाहेर पडतो आणि मण्याचे शिंतोडे उडतात. म्हणून तो हळू निववतात. यातल्या थोड्याफार चुका होणारच, म्हणून प्रत्येक खेपेला शुद्ध सोन्याचे नमुने शेजारच्या वाट्यांत तेच सगळं भोगतात. त्यांच्यात जेवढं घटलं-वाढलं, तेवढी दुरुस्ती बाकीच्यांना. ही पद्धत गिल्डच्या काळापासून मूलतः तीच आहे. भारतात तिचं मानक आयएस १४१८.

सराफाच्या दुकानातला कॅरेटोमीटर क्ष-किरणांवर चालतो. तो अर्ध्या मिनिटात आकडा देतो, डाग कापावा लागत नाही आणि रोजच्या व्यवहाराला तो चांगला आहे. पण तो वरचे काही मायक्रॉनच बघतो. जाड मुलामा असेल तर तो मुलाम्याचा कस सांगेल. झाळीच्या ठिपक्यावर धरला तर चांगल्या डागाला हलका ठरवेल. म्हणून एकाच डागावर तीन-चार जागी लावायला सांगा आणि एक जागा तरी घासून झिजलेली निवडा.

ठसे वाचायचे ते असे. ब्रिटनमध्ये तीन सक्तीचे: माल पाठवणाऱ्याची आद्याक्षरं, कसाचा आकडा (चांदीला ९२५, सोन्याला ३७५, ५८५, ७५०, ९१६ वगैरे) आणि तपासणी कचेरीची खूण. लंडनचा बिबट्या, बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, शेफील्डचा गुलाब, एडिंबरोचा किल्ला. या चारच कचेऱ्या उरल्या आहेत आणि लंडनची अजूनही गिल्डच चालवतं. चालणारा सिंह १५४४ पासून स्टर्लिंग चांदीची खूण. सिंहाऐवजी बसलेली ब्रिटानिया ही स्त्रीमूर्ती दिसली तर कस ९५८. १६९७ मध्ये लोक नाणी वितळवून ताटं घडवू लागले म्हणून भांड्यांचा कसच नाण्यापेक्षा चढा केला, तो १७२० पर्यंत सक्तीचा होता. सोनं १ ग्रॅम, चांदी ७.७८ ग्रॅम, प्लॅटिनम ०.५ ग्रॅम यांच्याखाली ठसा सक्तीचा नाही. पातळ पोकळ डागावर पंच मारला तर तो चेपतो, म्हणून तिथे लेसर.

एक धोका सांगते, कारण लंडनच्या जुन्या बाजारांत आपली माणसं यात फसतात. चार छोट्या ढाली, प्रत्येकीत एक वळणदार अक्षर: ई, पी, एन, एस. दिसायला हुबेहूब हॉलमार्क. तो हॉलमार्क नव्हे. निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेल्या मुलाम्याची ती आद्याक्षरं आहेत. वर सांगितलेल्या खुणा शोधा: सिंह किंवा कसाचा आकडा, आणि कचेरीची खूण. त्या नसतील तर चांदीचा भाव देऊ नका.

दिवसाचा शेवटचा तास बनावट वस्तूंचा होता. टेबलावर शिकवण्यासाठी ठेवलेला कॉफीचा एक उंच पॉट आला. वजनदार, सुरेख, बुडावर चार स्पष्ट ठसे. भिंगातून बघितलं: कडा धारदार, ढालींचे आकार बरोबर, अक्षर १७२० नंतरच्या फेरीतलं. ओतून केलेल्या नकलेत ठशाच्या कडा मऊ होतात, तळाशी बारीक फोड दिसतात. इथे तसं काहीच नव्हतं. ठसे खरे होते. मी तसं म्हणाले. प्रशिक्षक म्हणाले, “ठसे खरेच आहेत. आता त्यावर श्वास सोडा.”

चष्म्याची काच पुसण्याआधी सोडतो तसा श्वास बुडावर सोडला. चांदीची झळाळी दबली आणि ठशांभोवती एक बारीक, पूर्ण गोल रेघ उमटली. दोन-तीन सेकंद. वाफ उडाली तशी रेघ गेली. पुन्हा श्वास, पुन्हा रेघ. मी पाच-सहा वेळा तेच केलं. तीनशे वर्षांपूर्वीचा एक गुन्हा श्वासाएवढा वेळ दिसत होता.

झालं असं. १७२० मध्ये चांदीच्या कामावर औंसाला सहा पेन्स कर बसला. कर वजनावर, आणि तो ठसा घेताना भरायचा. मग काही सोनार एखादी चिमुकली बशी हॉलवर न्यायचे, तेवढ्याचाच कर भरायचे, ठसे घ्यायचे. दुकानात येऊन ठशांचा गोल तुकडा कापायचा आणि मोठ्या जड पॉटच्या बुडात झाळून बसवायचा. झाळीत चांदी कमी, तांबं-जस्त जास्त, म्हणून तिचा रंग किंचित वेगळा. एरवी झळाळीत तो फरक लपतो; वाफेने झळाळी दबली की दिसतो. आणखी एक खूण: पंचाचा मार खऱ्या पत्र्याच्या मागच्या बाजूला उमटलेला असतो. तुकडा वर चिकटवला असेल तर पॉटच्या आतून बूड कोरं. नंतर कोणी भांड्यावर चांदीचा मुलामा दिला असेल तर श्वासाने रेघ दिसत नाही. तेव्हा हाच मागचा भाग उपयोगी पडतो.

मला अस्वस्थ केलं ते याने की हे लोक गिल्डबाहेरचे भुरटे नव्हते. सात वर्षं उमेदवारी केलेले, करारपत्राचे दात जुळवलेले, चांगल्या नावाचे कारागीर यात होते. पॉटची चांदी बहुतेक वेळा पूर्ण कसाची असायची. फसवणूक राजाच्या तिजोरीची. हातातली घडण इतकी देखणी होती की ती बनावट म्हणताना जीभ अडखळते. १७५८ मध्ये औंसामागचा कर काढून परवान्याची फी आली, तसा या धंद्यातला फायदाच गेला. असा माल ब्रिटनमध्ये आजही हॉलमार्कचा म्हणून विकता येत नाही. संशयित जुनी चांदी तपासायला याच हॉलमध्ये १९३९ पासून तज्ज्ञांची समिती बसते.

दुसऱ्या दिवशी चॅन्सरी लेनच्या सिल्व्हर व्हॉल्ट्समध्ये गेले. तळघरात जाड पोलादी दारांच्या ओळी, प्रत्येक दारामागे एक दुकान, प्रवेश फुकट. एकोणिसाव्या शतकात तिजोऱ्या म्हणून बांधलेली जागा. हवा कोंदट आहे, पण दुकानदार वस्तू हातात घेऊ देतात आणि श्वास सोडून बघितलं तर रागावत नाहीत. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची चांदीची दालनं याहून कितीतरी भव्य आहेत, पण सगळं काचेआड. शिकायचं असेल तर आधी तळघर.

बाकी गिल्डं नुसती मेजवान्या आणि झगे यांची, असा समज तिकडेही आहे. काहींच्या बाबतीत तो खराही असेल. पण बंदूक बनवणाऱ्यांचं गिल्ड, सनद १६३७ ची, कमर्शियल रोडवरच्या प्रूफ हाउसमध्ये आजही नळ्या जादा दाबाच्या काडतुसाने उडवून तपासतं आणि टिकलेल्यांवर ठसा मारतं. मासळी विकणाऱ्यांच्या गिल्डचे निरीक्षक बिलिंग्जगेटच्या बाजारात मासळी तपासत आले आहेत. सोनारांच्या हॉलमध्ये दरवर्षी टांकसाळीच्या नाण्यांचा खटला चालतो, ट्रायल ऑफ द पिक्स. पिक्स म्हणजे नाण्यांची पेटी. ज्युरी सोनारांची, आरोपी देशाचं चलन, आणि निकाल काही महिन्यांनी, कारण मध्ये कस काढायला वेळ लागतो. उमेदवारीचं काम २०१२ पासून क्लर्कनवेलच्या गोल्डस्मिथ्स सेंटरमध्ये बाकांवर चालतं. उमेदवाराने शेवटी आपली ‘मास्टरपीस’ करून दाखवायची असते. हा शब्द चित्र-कादंबऱ्यांना लागण्याआधी त्याचा अर्थ एवढाच होता.

परतल्यावर पहिल्यांदा घरातले डाग भिंगाखाली घेतले. भारतात २०२१ च्या आधीच्या हॉलमार्कवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, त्रिकोण, कस, तपासणी केंद्राची खूण आणि सराफाची खूण अशा चार गोष्टी धातूवरच होत्या. म्हणजे १४७८ चा विचार पूर्णपणे तिथे होता. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या डागांना हॉलमार्क सक्तीचा झाला आणि आता त्रिकोण, कस (२२के९१६ असा) आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक डागाचा वेगळा ओळख क्रमांक, एवढंच उरलं. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचे डाग विकता येत नाहीत. २ ग्रॅमखालच्या डागांना सूट आहे. तपासणाऱ्याचं नाव धातूवरून उठून मोबाइलमध्ये गेलं. मला ते धातूवर हवं होतं, पण निदान आहे तरी.

ते बघायचं मात्र लागतं, आणि फार थोडे बघतात. दुकानात दहापट भिंग ठेवणं सराफाला बंधनकारक आहे. मागा, लाजू नका. एचयूआयडी स्वतः वाचा, बीआयएस केअर अॅपमध्ये टाका. सराफाची नोंदणी, तपासणी केंद्राचं नाव, कस आणि डागाचा प्रकार दिसतो. पावतीवर प्रत्येक डागाचं वजन, कस आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहून घ्या. कस कमी निघाला तर नियमाप्रमाणे त्या वजनावरच्या तुटीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो, पण पावती नसेल तर काहीच मागता येत नाही.

आणि डागाचा प्रकार नीट वाचा. एका डागाचा खरा एचयूआयडी दुसऱ्यावर कोरणं, ही त्या कॉफीच्या पॉटचीच युक्ती आहे: ठसा खरा, धातू भलता. अॅप कस ९१६ दाखवेल, केंद्राचं नाव दाखवेल, सगळं हिरवं दिसेल. प्रकाराच्या ओळीत ‘अंगठी’ लिहिलेलं असेल आणि तुमच्या हातात साखळी असेल.